कॅमेरा भिंतीजवळ गेला की भिंत गायब का होते?

गेममध्ये पात्र कोपऱ्यात अडकतं, कॅमेरा मागच्या भिंतीला टेकतो आणि एकदम भिंतीच्या आरपार दिसायला लागतं. कधी पात्राच्याच कवटीच्या आतून डोळ्यांचे गोळे दिसतात. स्केचअप या थ्रीडी मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये घराचं मॉडेल झूम करत नेलं की अर्धा जिना सुरीने कापल्यासारखा नाहीसा होतो. नवशिका म्हणतो फाइल बिघडली. काही जण तर थेट ग्राफिक्स कार्ड बदलायला निघतात. फाइल बहुतेक वेळा ठणठणीत असते. प्रत्येक बिंदू एका अदृश्य पृष्ठभागाच्या या बाजूला की त्या बाजूला, एवढंच गणित तिथे चाललेलं असतं.

या कापाकापीला क्लिपिंग म्हणतात. गणित म्हणाल तर तीन गुणाकार, तीन बेरजा आणि शेवटी उत्तर धन आहे की ऋण हे बघणं. शाळेतल्या भूमितीपेक्षा त्यात अवघड काही नाही. पण ते चिन्ह कुठल्या टप्प्यावर आणि कुठल्या मापात तपासायचं, इथे भले भले चुकतात. म्हणून गणित पटकन उरकू आणि चुकांपाशी जरा जास्त थांबू.

बांधाच्या अलीकडे की पलीकडे

शेताचा बांध जमिनीचे दोन भाग करतो. तसं अवकाशाचे दोन भाग करणारा, कुठेच न संपणारा सपाट पृष्ठभाग म्हणजे प्रतल. बांधाची कुठली बाजू आपली हे सांगायला खूण लागते. प्रतलासाठी ती खूण म्हणजे त्याला काटकोनात उभा असलेला बाण, म्हणजे अभिलंब. बाण ज्या बाजूला रोखलेला, ती बाजू आपली. ती ठेवायची, दुसरी कापायची.

हा बाण तीन आकड्यांत लिहितात: अ, ब, क. प्रतल पुढेमागे सरकवायला चौथा आकडा लागतो, तो ड. आता कुठलाही बिंदू (एक्स, वाय, झेड) घ्या आणि एवढं काढा:

अ × एक्स + ब × वाय + क × झेड + ड

उत्तर धन आलं तर बिंदू आपल्या बाजूला, ऋण आलं तर पलीकडे, शून्य आलं तर बरोबर प्रतलावर.

आर्किटेक्ट मजल्याचा प्लॅन काढतात तेव्हा घर साधारण १.२ मीटर उंचीवर आडवं कापलं आहे असं धरतात, म्हणजे खिडक्या-दरवाजे त्या कापात येतात. थ्रीडी मॉडेलमध्ये हेच करायचं तर खालचा भाग ठेवायचा म्हणून बाण खाली रोखायचा: (०, −१, ०), आणि ड = १.२. वाय म्हणजे उंची धरली तर सगळं सूत्र आटपून १.२ − उंची एवढंच उरतं. ओट्याची कड ०.८५ मीटरवर: उत्तर ०.३५, ठेवा. छताचा पंखा २.६ मीटरवर: उत्तर −१.४, कापा. ब्राउझरमध्ये थ्रीडी दाखवणाऱ्या थ्री-जेएसमध्ये प्रतल नेमकं असंच देतात, बाण आणि एक आकडा. ज्यांचं उत्तर ऋण ते बिंदू तिथे दिसत नाहीत. पहिल्यांदा करताना निम्मे लोक बाण वर रोखतात आणि घराऐवजी फक्त छप्पर नि पंखे तरंगताना बघतात. तसं झालं तर चारही आकड्यांची चिन्हं उलटी करा. फक्त बाण उलटवला आणि ड तसाच ठेवला तर प्रतल आरंभबिंदूच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसतं, म्हणजे या उदाहरणात जमिनीखाली १.२ मीटरवर.

रेषा मधूनच गेली तर?

बिंदू इकडे तरी असतो नाहीतर तिकडे. रेषेचं एक टोक इकडे आणि एक तिकडे असू शकतं, आणि मग ती नेमकी कुठे कापायची हे काढावं लागतं. तिरकं प्रतल घेऊ: बाण (०.६, ०, ०.८), ड = −५.

पहिलं टोक (३, २, ७). उत्तर १.८ + ० + ५.६ − ५ = २.४. आपल्या बाजूला.
दुसरं टोक (१, २, १). उत्तर ०.६ + ० + ०.८ − ५ = −३.६. पलीकडे.

एक टोक बांधापासून २.४ अलीकडे, दुसरं ३.६ पलीकडे. म्हणजे काप पहिल्या टोकापासून २.४ भागिले (२.४ + ३.६), म्हणजे ०.४ एवढ्या अंतरावर. रेषेचा चाळीस टक्के भाग चालून गेल्यावर. तो बिंदू (२.२, २, ४.६). ताळा करा: १.३२ + ३.६८ − ५ = ०. बरोबर प्रतलावर. टोकांना रंग किंवा टेक्स्चरची (पृष्ठभागावर चिकटवलेल्या चित्राची) जागा चिकटवलेली असेल, तर कापाच्या जागी तीही याच ०.४ ने वाटून घ्यायची. हे विसरलं की काप नीट होतो, पण कडेला टाइल्सचं डिझाइन ताणलेलं दिसतं.

त्रिकोण किंवा बहुकोन कापायचा झाला तर हेच काम प्रत्येक कडेवर करत जायचं. करंजीचा जास्तीचा कड कातण्याने काढतात तसं: एका प्रतलाने एक बाजू कापायची, उरलेला तुकडा पुढच्या प्रतलाकडे द्यायचा. सदरलँड आणि हॉजमन यांनी ही पद्धत १९७४ मध्ये मांडली आणि ती आजही वापरात आहे. प्रत्येक काप जास्तीत जास्त एक कोपरा वाढवतो. म्हणून सहा प्रतलांतून गेलेल्या त्रिकोणाचे फार तर नऊ कोपरे होतात. मेमरी राखून ठेवताना नऊ हा आकडा लक्षात असू द्या. आठच जागा ठेवल्या तर प्रोग्राम महिनोन् महिने नीट चालतो आणि एखाद्या दिवशी भलत्याच ठिकाणी कोसळतो.

ही सहा प्रतलं कुठून आली?

कॅमेऱ्याला जे दिसतं त्याचा आकार टोक छाटलेल्या पिरॅमिडसारखा असतो. डावी, उजवी, वरची, खालची अशा चार बाजू स्क्रीनच्या चार कडांमुळे येतात. उरलेली दोन जवळचं आणि लांबचं प्रतल. छाटलेलं टोक कॅमेऱ्याकडे, आणि तिथेच जवळचं प्रतल. कॅमेरा आणि हे प्रतल यांच्यामध्ये जे येईल ते कापलं जातं. युनिटी या गेम बनवायच्या इंजिनात नवा कॅमेरा घेतला तर हे अंतर ०.३ असतं आणि लांबचं १०००. कॅमेरा भिंतीला ०.३ हून जवळ गेला की भिंत जवळच्या प्रतलाच्या अलीकडे येते, आणि गणित तिला इमानेइतबारे कापून टाकतं. भिंत गायब होते ती अशी.

मग जवळचं प्रतल शून्यावरच ठेवा की!

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. आकडा ०.०००१ केला की भिंतीची कटकट मिटते हे खरं. पण त्याची किंमत लांबच्या डोंगराला मोजावी लागते.

कुठली वस्तू पुढे आणि कुठली मागे हे ठरवायला ग्राफिक्स कार्ड प्रत्येक पिक्सेलची खोली साठवतं, बऱ्याचदा २४ बिटांत, म्हणजे १,६७,७७,२१६ पायऱ्यांत. या पायऱ्या सारख्या अंतरावर नसतात. जवळ दाट, लांब विरळ. एखाद्या ठिकाणी दोन पायऱ्यांमधलं अंतर ढोबळमानाने असं निघतं: कॅमेऱ्यापासूनच्या अंतराचा वर्ग भागिले (जवळच्या प्रतलाचं अंतर × १,६७,७७,२१६). आता १००० मीटरवरची टेकडी घ्या. जवळचं प्रतल १ मीटरवर असेल तर तिथली पायरी सुमारे ६ सेंटीमीटर. ०.१ वर आणलं तर ६० सेंटीमीटर. ०.०१ केलं तर जवळजवळ ६ मीटर! सहा मीटरच्या आत असलेल्या दोन गोष्टींमध्ये पुढे कोण आणि मागे कोण हे यंत्राला कळेनासं होतं. मग रस्ता नि त्यावरचे पट्टे आलटून पालटून चमकतात, कॅमेरा हलला की आणखीच.

लांबचं प्रतल १००० वरून ५००० वर नेल्याने फारसं बिघडत नाही. नुकसान होतं ते जवळचं कमी केल्याने. सेटिंगमध्ये दोन्ही रकाने शेजारी शेजारी असतात, त्यामुळे ते सारख्याच महत्त्वाचे वाटतात. तसे ते नाहीत. खोली उलटी मोजून (जवळ १, लांब ०) फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे दशांशचिन्ह सरकतं ठेवणाऱ्या आकड्यांत साठवण्याची युक्ती आता बऱ्याच इंजिनांत असते, तिने हा ताण पुष्कळ हलका होतो. तुमचं इंजिन ते करत नसेल तर जवळचा आकडा परवडेल तेवढा मोठाच ठेवा आणि कॅमेऱ्यालाच भिंतीत घुसू देऊ नका.

भागाकाराआधी तपासायचं, नंतर नाही

थ्रीडी चित्र सपाट स्क्रीनवर आणताना शेवटी एक भागाकार असतो: लांबची वस्तू लहान दिसावी म्हणून एक्स, वाय, झेड या तिघांना डब्ल्यू नावाच्या चौथ्या आकड्याने भागतात. नेहमीच्या कॅमेऱ्यात डब्ल्यू म्हणजे बिंदू कॅमेऱ्याच्या किती पुढे आहे ते. भागल्यावर −१ ते १ यामध्ये जे येईल ते स्क्रीनवर दिसणारं. मग साहजिक वाटतं, भागून घेऊ आणि बघू आत आहे का. सोपं वाटतं आणि तिथेच फसतं.

एक रेषा घ्या. पहिलं टोक कॅमेऱ्याच्या पुढे: एक्स = २, डब्ल्यू = ४. दुसरं कॅमेऱ्याच्या पाठीमागे: एक्स = १, डब्ल्यू = −२. दोन्ही टोकं उजवीकडची. भागा: पहिलं ०.५, दुसरं −०.५. पाठीमागचा बिंदू उजवीकडून उडी मारून डावीकडे आला, शिवाय −१ ते १ च्या आतही बसला. जोडा दोन्ही आणि रेषा स्क्रीनच्या मधून डावीकडे धावेल. प्रत्यक्षात ती उजवीकडे बाहेर जायला हवी.

आता भागाकार न करता तपासू. उजव्या कडेची अट: डब्ल्यू − एक्स शून्याहून कमी नको. पहिल्या टोकाला २, दुसऱ्याला −३. काप २ भागिले ५, म्हणजे ०.४ वर. तिथे एक्स = १.६ आणि डब्ल्यू सुद्धा १.६. भागल्यावर बरोबर १, म्हणजे स्क्रीनची उजवी कड. हेच बरोबर उत्तर. डब्ल्यू शून्य असेल तर भागाकार करताच येत नाही, हे आणखी वेगळं.

म्हणून सहाही तपासण्या भागाकाराआधी, अशा रूपात करतात: डब्ल्यू + एक्स, डब्ल्यू − एक्स, डब्ल्यू + वाय, डब्ल्यू − वाय, डब्ल्यू + झेड, डब्ल्यू − झेड. सगळ्या शून्य किंवा जास्त असतील तर बिंदू आत. प्रतलाचंच सूत्र हे, फक्त गुणक एक नि उणे एक.

पाचव्या तपासणीत एक खोच आहे. डब्ल्यू + झेड हे ओपनजीएलचं, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला काम सांगायच्या एका पद्धतीचं. अशा पद्धती आणखीही आहेत. डायरेक्टथ्रीडी, व्हल्कन आणि मेटल या तिघांत जवळच्या प्रतलाची अट फक्त झेड शून्याहून कमी नको, एवढीच आहे. ओपनजीएलसाठी बनवलेलं मॅट्रिक्स (बिंदूचे हे चार आकडे काढून देणारा आकड्यांचा तक्ता) तिकडे जसंच्या तसं नेलं तर काय होतं बघा: जवळचं प्रतल ०.१ आणि लांबचं १००० असेल, तर काप ०.१ ऐवजी जवळपास ०.२ वर होतो. चित्र दिसतं, सगळं चाललंय असं वाटतं, फक्त भिंती ठरल्यापेक्षा थोड्या आधी गायब होतात. असली चूक सहजी सापडत नाही.

तिन्ही कोपरे बाहेर, म्हणजे त्रिकोण बाहेर?

नाही. प्रत्येक नव्या प्रोग्रामरने ही चूक एकदा तरी केलेली असते. तुम्ही मैदानाच्या मध्यभागी उभे आहात आणि मैदान म्हणजे दोनच प्रचंड त्रिकोण आहेत असं समजा. एकही कोपरा स्क्रीनवर नाही, पण स्क्रीनभर मैदानच आहे. कोपरे बाहेर म्हणून त्रिकोण फेकला तर पायाखालची जमीनच गेली.

यावरचा उपाय डॅनी कोहेन आणि आयव्हन सदरलँड यांनी १९६७ मध्ये, विमान चालवण्याच्या सिम्युलेटरवर काम करताना काढला. प्रत्येक बिंदूला सहा खणांची पाटी द्यायची, एका प्रतलाला एक खण. त्या प्रतलाच्या बाहेर असेल तर १, आत असेल तर ०. सगळ्या कोपऱ्यांच्या पाट्यांत सगळे खण ० असतील तर आकार पूर्ण आत. कुठलाही एकच खण सगळ्यांच्या पाटीत १ असेल तर सगळे एकाच बांधाच्या पलीकडे, म्हणजे आकार पूर्ण बाहेर. या दोन्हींत न बसणाऱ्यांनाच कापत बसायचं. मैदानाचा एक कोपरा डावीकडे बाहेर, एक उजवीकडे, एक पाठीमागे. सामाईक खण नाही, म्हणून ते टिकतं.

गंमत म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीमागच्या बिंदूच्या पाटीत डावा आणि उजवा असे दोन्ही खण एकदम १ येऊ शकतात. वरच्या उदाहरणातलाच बिंदू घ्या: डब्ल्यू + एक्स = −१, डब्ल्यू − एक्स = −३. सपाट कागदावर असं होणं शक्य नाही, म्हणून पाहणाऱ्याला वाटतं आपला कोड चुकला. कोड बरोबर आहे.

हे सगळं ग्राफिक्स कार्ड करतंच ना?

त्रिकोण कापण्याचं काम करतं, आणि चलाखीने करतं. डावी-उजवीकडे थोडा त्रिकोण बाहेर गेला तर बरीच कार्डं तो कापतसुद्धा नाहीत. स्क्रीनबाहेरचे पिक्सेल नुसते रंगवत नाहीत, काम भागतं. पण कार्डाकडे काय पाठवायचं हे तुम्ही ठरवता. पन्नास हजार झाडांपैकी मागची चाळीस हजार पाठवायचीच कशाला? तिथे पुन्हा हेच गणित लागतं, या वेळी झाडाभोवती कल्पिलेल्या गोलावर. गोलाच्या केंद्राचं उत्तर उणे त्रिज्येपेक्षाही कमी आलं तर अख्खं झाड बाहेर.

पण इथे बाणाची लांबी आडवी येते. आपल्या बाणाची लांबी १ होती (०.६ चा वर्ग अधिक ०.८ चा वर्ग), म्हणून उत्तर म्हणजे खरं अंतर. तेच प्रतल (३, ०, ४) आणि −२५ असंही लिहिता येतं. दुसऱ्या टोकाचं उत्तर −३.६ ऐवजी −१८ येईल. चिन्ह तेच, कापाची जागाही तीच, कारण १२ भागिले ३० पुन्हा ०.४. पण त्या जागी ४ त्रिज्येचा गोल असेल तर? −३.६ हे −४ पेक्षा जास्त, म्हणजे गोलाचा थोडा भाग आत. −१८ मात्र −४ पेक्षा कितीतरी कमी, गोल बाद! स्क्रीनच्या कडेला झाडं अजून दिसायला हवी असताना पटकन नाहीशी होतात, ती यामुळे. कॅमेऱ्याच्या मॅट्रिक्समधून थेट काढलेल्या प्रतलांचे बाण असेच आडमाप लांबीचे येतात. चारही आकड्यांना बाणाच्या लांबीने भागा, ड ला सुद्धा.

गोलाऐवजी पेटी असेल तर आठही कोपरे तपासायची गरज नाही. बाण ज्या दिशेला आहे त्या दिशेचा सर्वांत पुढचा कोपरा घ्या: बाणाचा आकडा धन असेल त्या अक्षावर पेटीची मोठी कड, ऋण असेल तर लहान. तोही पलीकडे असेल तर पेटी बाहेर. पिरॅमिडच्या कोपऱ्यापाशी मोठी पेटी बाहेर असूनही कधीकधी या चाचणीत पास होते. होऊ द्या. एक झाड जास्त काढलं गेलं तर नुकसान क्षणाचं, दिसायला हवं ते फेकलं तर खेळणाऱ्याला लगेच कळतं.

शून्याचं काय करायचं?

वर म्हटलं, उत्तर शून्य आलं तर बिंदू प्रतलावर. संगणकात नेमकं शून्य क्वचितच येतं. नेहमीच्या ३२ बिटांच्या अपूर्णांकात साधारण सात अंक बसतात, त्यापुढचं गोलात जातं. शून्याला आत धरा किंवा बाहेर, पण सगळीकडे एकच नियम ठेवा.

दोन त्रिकोणांची एक कड सामाईक असते. एकात ती वरून खाली चालली जाते, दुसऱ्यात खालून वर. कापाचा बिंदू दोन्हीकडे एकच यायला हवा, पण शेवटच्या अंकात फरक पडतो आणि मध्ये केसाएवढी फट राहते. त्यातून मागचा रंग डोकावतो, ठिपक्या-ठिपक्यांनी. कापाचा हिशेब नेहमी आतल्या टोकाकडून बाहेरच्या टोकाकडे करायचा, कड कुठल्याही त्रिकोणाची असो. फट जाते.

सात अंकांची मर्यादा नकाशावर काम करणाऱ्यांना जास्त छळते. सर्व्हेच्या यूटीएम पद्धतीत पुण्यातल्या एखाद्या इमारतीचा उत्तरेचा आकडा २० लाख मीटरच्या पुढे असतो. एवढ्या मोठ्या आकड्यापाशी ३२ बिटांना १२.५ सेंटीमीटरपेक्षा बारीक फरक दिसतच नाही. एका विटेची जाडी गेली! मग काप दातेरी दिसतो, खिडकीची चौकट थरथरते, आणि माणूस प्रतलाचं सूत्र तपासत बसतो. सूत्रात काही नसतं. इमारतीजवळचा एक बिंदू आरंभ धरून सगळ्या आकड्यांतून तो आधी ६४ बिटांत वजा करायचा, आणि मगच मॉडेल पुढे द्यायचं. स्केचअपमध्ये मॉडेल आरंभबिंदूपासून फार लांब ठेवलं की झूम करताना ते कापलं जातं, तिथेही पहिला उपाय हाच: मॉडेल उचलून आरंभाजवळ आणा.

कापलं, पण आतून पोकळ का दिसतं?

कलिंगड कापलं की आत लाल गर दिसतो. थ्रीडी मॉडेल कलिंगड नसतं, फुगा असतं. नुसती त्रिकोणांची कातडी. १.२ मीटरवर भिंत कापली की विटा दिसत नाहीत, भिंतीच्या दोन पापुद्र्यांमधली पोकळी दिसते.

ती भरायला कापावर टोपी बसवतात. प्रत्येक पिक्सेलसाठी एक मोजणी ठेवायची. कापलेल्या मॉडेलच्या, कॅमेऱ्याकडे पाठ असलेल्या प्रत्येक पापुद्र्यामागे एक वाढवायचा, तोंड असलेल्यामागे एक कमी करायचा. पापुद्रा एकमेकांच्या पुढे आहे की मागे हे इथे बघायचं नाही, सगळे मोजायचे. वस्तू अखंड असेल तर पाठ आणि तोंड जोडीने येतात आणि उत्तर शून्य होतं. जिथे कापाने पुढचं तोंड उडवलं तिथे शिल्लक राहते. फक्त त्या पिक्सेलवर प्रतलाचा सपाट रंग, किंवा आर्किटेक्टला हवी ती तिरकी रेघाटी, भरायची. शेजारी असलेल्या दोन वस्तूंना वेगळे रंग हवे असतील तर प्रत्येकीसाठी मोजणी शून्यापासून नव्याने सुरू करायची.

एवढं करूनही कधीकधी टोपीचा रंग भिंतीबाहेर लांब पट्ट्यासारखा सांडतो. प्रतलाला हात लावू नका. मॉडेलमध्ये कुठेतरी एखादा त्रिकोण निखळलेला किंवा उलटा बसलेला असतो, जोडी जुळत नाही आणि शिल्लक उरते. पट्टा जिथे सुरू होतो त्याच्या रेषेत वर-खाली बघत जा, भोक तिथेच सापडतं.